गुंड्या दारात उभा आहे

६ जानेवारी

ताई, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलायचं म्हटलं तर ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोरच्या खुर्चीत बसलेले असतात. म्हणून पत्र लिहिते आहे.

तुमच्या भावाच्या दुखण्याला डॉक्टरांनी शेवटी नाव दिलं. पार्किन्सन. म्हणजे कंपवात. पण ह्यांचा हात फारसा कापत नाही, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. चालणं मंदावलं होतं, ते आपण वयाच्या खात्यावर टाकलं. चेहऱ्यावरचं हसू कमी झालं होतं, मला वाटायचं माझंच काही चुकतंय.

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली आहे, तिथे मी ह्यांना नेते. व्यायाम घेणाऱ्या बाई शांत आहेत, कुणाला घाई करत नाहीत. तिथे लाकडाच्या पायऱ्या ठेवल्या आहेत. इकडून चढायचं, तिकडून उतरायचं, कुठे पोचायचं नाही. हे त्या पायऱ्या एखाद्या तरुणासारखे चढतात. कठड्याला हातसुद्धा लावत नाहीत. मी बाकावर बसून बघते आणि मनात म्हणते, चला, बरे होताहेत.

मग घरी येतो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात आणि उभे राहतात. टाचा उचलल्या जातात, गुडघे लटपटतात, पण पाऊल पुढे पडत नाही. मी म्हणते, "अहो, चला ना." ते म्हणतात, "चालतोच आहे." आणि असतात जागच्या जागी.

परवा मी न्हाणीघरात होते. दूध वर यायला लागल्याचा आवाज आला. मी आतून सांगितलं, गॅस बंद करा. बाहेर येऊन बघते तर सगळं दूध ओट्यावर, आणि हे दारात उभे राहून बघताहेत. मी काही बोलणार एवढ्यात शेजारचं मांजर ह्यांच्या पायांसमोर आडवं बसलं. हे त्याला ओलांडून आत गेले, गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. काही झालंच नाही असं.

मांजरासाठी पाऊल उचलतं आणि दुधासाठी उचलत नाही, हे काय दुखणं आहे? ताई, तुम्ही सांगा. तुम्ही आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. मुलं पाय का उचलत नाहीत हे तुम्हाला कळत असेल. मला कधीकधी वाटतं, हे मुद्दाम करतात. मग वाटल्याबद्दल माझं मलाच कसंतरी होतं.

तुमचा नवा गुडघा कसा आहे? ह्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या आहेत.

तुमची भावजय


१५ जानेवारी

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. गुंड्याच्या दोन ओळी भिंग लावून वाचल्या. "ताई, मी बरा आहे" एवढं लागलं, पुढचं लागलं नाही. ज्याने भर बाजारात दुकानांवर हत्तीएवढी अक्षरं रंगवली, तो आता मुंग्या का काढतोय? कागद वाचवतो आहे का? त्याला सांग, ताईला चष्मा आहे, दुर्बीण नाही.

आता मुख्य मुद्दा. जो माणूस जिना चढतो त्याचे पाय चांगले आहेत. हे समजायला डॉक्टर कशाला लागतो. गुंड्या लहानपणापासून असाच आहे. शाळेत कवायतीच्या तासाला हा पोट धरून बसायचा आणि घंटा झाली की सगळ्यांच्या आधी गेटाबाहेर. आई त्याला लिंबूपाणी द्यायची, तिथेच चुकलं. तू लिंबूपाणी देऊ नकोस.

तो दारात थांबला की त्याचा हात धर आणि ओढ. पहिलं पाऊल पडलं की दुसरं आपोआप पडतं. मी शाळेत हजारो मुलं अशी चालवली आहेत. लाड करू नकोस, "चला ना, चला ना" म्हणू नकोस. "चला" एकदाच म्हणायचं, आवाज असा हवा की मागची रांगसुद्धा हलली पाहिजे.

माझं विचारशील तर माझा गुडघा मजेत आहे. डॉक्टर म्हणाले, इतका छान वाकणारा गुडघा त्यांनी या वयात बघितला नाही. रोज सकाळी समोरच्या बागेत फेऱ्या मारते. तिथल्या हिरवळीला मधोमध गोल टक्कल पडलं आहे, कारण माळी पाणी फक्त कडेकडेने मारतो. एक गृहस्थ येतात, त्यांचंही तसंच, मधोमध. दोन मैत्रिणी येतात, एकीने केस रंगवले आहेत पण भांगातली मुळं पांढरी दिसतात. मजा येते. हालचाल केली की माणूस टवटवीत राहतो, बसलं की संपलं.

गुंड्याला हे वाचून दाखव.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र वाचून दाखवलं. लिंबूपाण्याच्या गोष्टीला हे हसले, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. आता मला डोळ्यांवरून ओळखावं लागतं.

तुम्ही सांगितलं तसं "चला" एकदाच म्हणून बघितलं. पहिल्या दिवशी हे खरंच चालले. मी खूश. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच आवाजात म्हटलं, तर खिळल्यासारखे उभे. तिसऱ्या दिवशी मी काहीच बोलले नाही आणि हे सरळ आत आले, खुर्ची ओढून बसले. मी काय करते त्याचा आणि हे काय करतात त्याचा मला काही मेळच लागत नाही.

व्यायामाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओढू नका. थांबू द्या. श्वास घेऊ द्या. मग वजन या पायावरून त्या पायावर, आणि मोठं पाऊल." मी म्हटलं, "बाई, पण तुमच्याकडे तर हे धावतात." त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मोकळी जागा आहे, आणि घाई नाही. घरात दार असतं, कुणाची तरी हाक असते, हातात कप असतो." मी म्हटलं, "म्हणजे घरात राहूच नये का माणसाने?" त्यावर त्या पुढच्या माणसाला पायऱ्या चढवायला गेल्या. मला वाटतं त्यांनाही नीट माहीत नसावं.

तुम्ही म्हणता ओढ, त्या म्हणतात ओढू नका. दोघी चालण्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी कुणाचं ऐकू?

काल रागाच्या भरात मी ह्यांना म्हटलं, "हे सोंग पुरे झालं." ते म्हणाले, "सोंग असतं तर मी जास्त चांगलं केलं असतं." तेव्हापासून आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं आहे.

तुम्ही थोडे दिवस इकडे याल का? तुमच्यासमोर हे कसे चालतात ते तरी कळेल. मागची खोली रिकामीच आहे, मी माझं शिलाई मशीन पुढे हलवते. गाडीत बसलात की संध्याकाळपर्यंत इथे. तुमचा गुडघा आता ठीक आहे म्हणून विचारते.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी

चिमणे,

मला आत्ता येणं जमणार नाही. नळाचं काम काढलं आहे आणि नळवाला आज येतो म्हणून उद्यासुद्धा येत नाही, त्याची वाट बघत घरात थांबावं लागतं. शिवाय बागेतल्या बायकांचा व्यायाम मी घेते, त्यांना मधेच सोडून कसं येऊ.

मोकळी जागा, श्वास, वजन हे सगळं ठीक आहे. पण उद्या घराला आग लागली तर गुंड्या वजन या पायावरून त्या पायावर करत बसणार आहे का? भिडस्तपणा सोड. दोन्ही हात धर आणि ओढ. रडला तरी ओढ. नंतर तोच तुझे आभार मानेल.

मला त्याची काळजी वाटते म्हणून कडक लिहिते.

ताई


९ मार्च

ताई,

हे पत्र मी लिहितोय. चिमणीच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर आहे. घाबरू नकोस. माझं अक्षर वाचायला भिंग घे. मी कागद वाचवत नाही. ओळ सुरू करतो तेव्हा अक्षर चांगलं टपोरं असतं, ओळीच्या टोकाला जाईपर्यंत ते आपोआप आकसतं. मोठं काढ, मोठं काढ असं मनात म्हणत राहिलं तर थोडं मोठं राहतं. मग काय लिहायचं होतं ते विसरतो.

झालं असं. गेल्या महिन्याच्या शेवटी बेल वाजली. चिमणी पडदे शिवत होती, पडद्याचंच गिऱ्हाईक येणार होतं. मी मधल्या दारात अडकलेला, तिला जायला वाट नाही. पुन्हा बेल. तिने माझे दोन्ही हात धरले आणि ओढलं. माझं अंग पुढे गेलं. पाय मागे राहिले. मी तिच्यावर पडलो. मला काही झालं नाही, कारण खाली ती होती. गिऱ्हाईक बेल वाजवून वाजवून निघून गेलं. आम्ही बराच वेळ तसेच जमिनीवर होतो. ती म्हणाली, "तुम्हाला लागलं का?" मी म्हटलं, "नाही." मग ती रडायला लागली. मला वाटलं मनगट दुखतंय म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही खरंच अडकला होतात." माझ्या अंगाखाली सापडल्यावर तिला कळलं की माझे पाय किती घट्ट होते. मी दोन महिने तोंडाने सांगत होतो ते तिला पाठीने कळलं.

तिने मला सांगितलं नाही, पण ओढायचं तुझ्या पत्रात होतं हे मला ठाऊक आहे, तिने मला पत्र वाचून दाखवलं तेव्हा तेवढं वाक्य गाळलं होतं. मी नंतर भिंगाशिवाय वाचलं, तुझं अक्षर मोठं आहे. तुझ्यावर राग नाही. तुझ्या जागी मीही तेच सांगितलं असतं. जो जिना चढतो त्याला दार का अडवतं, हे मलाही माहीत नाही.

आतून कसं वाटतं ते सांगतो. डोकं म्हणतं, चल. पाय म्हणतात, हो. आणि मधे कुणीतरी निरोप पोचवायचा विसरतो. पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. कुणी "चला" म्हटलं की आणखी चिकटतात. मात्र समोर ओलांडायला काही असलं, पायरी, मांजर, पडलेली काठी, की पाय स्वतःच्या अकलेने उचलला जातो. मला विचारतसुद्धा नाही.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, दारात जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, त्या ओलांडत चाला. त्यांनी रंगीत टेप दिली. ती वाकडी बसली आणि मला बघवेना. माळ्यावरून जुने डबे काढले. पिवळा रंग वाळून गेला होता, लाल निघाला. जमिनीवर बसून रंगवल्या. ताई, मी फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढायचो, बाजारातले लोक बघत उभे राहायचे. या रेघा नदीसारख्या आल्यात. पण स्वयंपाकघरात जाता येतं. दहातल्या सात वेळा म्हणू या. उरलेल्या वेळी का जात नाही ते विचारू नकोस.

चिमणीचा हात बांधलेला, म्हणून चहा मी करतो. कपबशी नेताना सांडतो. ती अर्धा कप पिऊन म्हणते छान झालाय.

तू आलीस तर तिला बरं वाटेल. तिला कुणीतरी बाई माणूस हवं आहे. केस विंचरायला मी आहे, पण मला वेणी येत नाही.

गुंड्या


१७ मार्च

गुंड्या,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, एकदा अक्षर लागावं म्हणून आणि एकदा मजकूर पटावा म्हणून.

चिमणीला सांग की मी तिला ओढायला सांगायला नको होतं. मी तिथे असते तर तुला मागून धरलं असतं, हे मी लिहायला विसरले. कवायतीत आपण मुलाच्या मागे उभे असतो. असो. जे झालं ते झालं.

मला यावंसं फार वाटतं. पण सध्या इथे हवा विचित्र आहे, आणि शेजारणीच्या घरी आजारपण आहे, तिला माझा आधार वाटतो. चिमणीसाठी पुढून बटणं असलेले दोन झगे पाठवते, एका हाताने घालता येतील.

बागेत बरं चाललंय. मोठ्या झाडावर कावळ्याने घरटं केलं आहे, काड्या कमी आणि तारा जास्त. त्यात चार अंडी आहेत, हिरवट, त्यावर ठिपके. टकले गृहस्थ हल्ली टोपी घालून येतात. फेऱ्या मारताना तुझी आठवण येते.

रेघा ओलांडत राहा.

ताई


२८ मार्च

ताई,

झगे मिळाले. चिमणी एक घालते, एक धुते.

एक विचारतो. रागावू नकोस आणि उत्तर द्यायची घाई करू नकोस. हे पत्र मी चिमणीला दाखवलेलं नाही.

माझं निम्मं आयुष्य शिडीवर गेलं. वरून रस्ता कसा दिसतो ते मला पाठ आहे. टक्कल दिसतं, भांग दिसतो, छत्र्या, टोप्या. चेहरा दिसत नाही. वर्षानुवर्षं एका पानवाल्याशी मी शिडीवरून बोलायचो, आणि एकदा रस्त्यात तो समोर आला तर मी ओळखलं नाही.

तुझ्या पत्रांत एकाही माणसाला चेहरा नाही. हिरवळ मधोमध गोल उडाली आहे, हे कडेने चालणाऱ्याला कळत नाही. आणि कावळ्याची अंडी खालून दिसत नाहीत, ताई. ठिपके तर नाहीतच.

तू बागेत जातेस का? की तिसऱ्या मजल्यावरून बघतेस?

तुझा गुडघा छान वाकतो हे मला खरं वाटतं. माझे पायही चांगले आहेत, असं सगळे म्हणतात.

गुंड्या


२ मे

ताई,

प्लॅस्टर निघालं. हात लाकडासारखा झाला होता, आता व्यायामाच्या बाई मलाही चेंडू दाबायला लावतात. ह्यांच्या शेजारी बसून दाबते. हे पहिलं पत्र त्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर माझंही बिघडलं.

महिना उलटून गेला, तुमचं पत्र नाही. ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, विचारलं तर "काही नाही, बागेबद्दल" म्हणतात. बागेबद्दल लिहिल्यावर कुणी महिनाभर गप्प बसत नाही. मला वाटतं तुम्ही माझ्यावर रागावला आहात. तुमच्या भावाला मी पाडलं म्हणून. तसं असेल तर बोलून टाका. मी पाडलं हे खरं आहे, पण पडलो दोघंही.

आणि मनातलं लिहिते. माझा हात मोडला तेव्हा तुम्ही आला नाहीत याचं मला वाईट वाटलं. नळवाला, शेजारीण, हवा. इतक्या सगळ्यांच्या मागे मी आहे, हे मला माहीत नव्हतं.

ह्यांनी ठरवलं आहे, आम्हीच येणार. मी नको म्हणत होते. गाडीत चढता-उतरताना काय करायचं, तुमच्याकडे लिफ्ट नाही. हे म्हणतात, "जिनाच आहे ना, मग काय काळजी." बारा तारखेला दुपारी पोचू. घरी असाल ना?

तुमची भावजय


२० मे

ताई,

सुखरूप पोचलो. हे झोपले आहेत.

तुमच्याकडे चार दिवस राहिले पण विचारायला तोंड झालं नाही, म्हणून लिहून विचारते. त्या दिवशी वर काय झालं?

मी खाली टॅक्सीतून सामान काढत होते. हे म्हणाले, "मी पुढे होतो," आणि खरंच भराभर वर गेले, मी ओरडेपर्यंत दिसेनासे झाले. पिशव्या घेऊन मी वर आले, तर हे घराच्या आत भिंतीला धरून उभे, आणि तुम्ही बाहेर, जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या. पायात चप्पल नाही. दोघांची तोंडं अशी की हसताय का रडताय ते कळेना. मी विचारलं तर हे म्हणाले, "ताईने मला कवायत शिकवली." तुम्ही म्हणालात, "चहा टाकते," आणि उठायला मला हात मागितलात. तुमचा हात बर्फासारखा गार होता.

आणखीही काही गोष्टी बघितल्या. तुमचे चालायचे बूट कपाटात होते, तळवे कोरे. भाजी शेजारीण आणून देते, जिच्या घरी आजारपण होतं म्हणे. तिच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. आम्ही निघालो तेव्हा तुम्ही दारापर्यंत आलात, मग म्हणालात, खिडकीतून हात करते.

मला चोरून बघायची सवय नाही. पण काही कळेनासं झालं की माणूस बघत राहतो.

तुमची भावजय


२९ मे

चिमणे,

तुला राग यायला हवा होता आणि तू आपुलकीने विचारलंस, म्हणून सगळं लिहिते.

गेल्या वर्षी ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता फिरा. मी पहिल्याच दिवशी बूट घालून निघाले. वरून दुसऱ्या पायरीवर पाय सटकला आणि मी बसत बसत मधल्या वळणापर्यंत गेले. काही मोडलं नाही. साधं खरचटलंसुद्धा नाही. शेजारणीने वर आणलं. तेव्हापासून मी खाली गेले नाही. डॉक्टर घरी येऊन गुडघा वाकवून बघतात आणि शाबासकी देतात. मी रोज बूट घालायचे, दार उघडायचे, जिना बघायचे आणि दार लावायचे. पुढेपुढे बूट घालायचं सोडलं. मग बागेच्या फेऱ्या तुम्हाला लिहायला लागले. आधी म्हटलं, उद्या जाणारच आहोत तर आजच लिहिलं म्हणून काय झालं. तो उद्या आलाच नाही आणि मला लिहायची सवय लागली.

गुंड्याने ओळखलं. त्याच्या पत्राला मी उत्तर लिहायला बसायचे आणि काय लिहू ते सुचायचं नाही. हो लिहावं तर मग कारण काय लिहू? भीती म्हणावी तर मी घरात बसून भीत नाही, नीट जेवते, झोपते. फक्त दाराबाहेर गेलं की पायरी मला सरकताना दिसते. माझ्या तोंडून आयुष्यभर मुलांनी ऐकलं की पाय मनाचं ऐकतात. माझंच मन कुणाचं ऐकत होतं, मला माहीत नाही.

त्या दिवशी बेल वाजली. दार उघडलं तर गुंड्या. एकटा, घाम आलेला, आनंदात. म्हणाला, "ताई, तीन मजले चढलो." मी म्हटलं, "ये." आणि तो आला नाही. पाऊल उचलेना. त्याच्या टाचा थरथरायला लागल्या, तू लिहिलं होतंस तसंच. मी ते नुसतं वाचलं होतं, बघितलं नव्हतं. मला वाटायचं हट्टी माणूस उभा राहतो तसा तो उभा राहत असेल. तसं नव्हतं. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उभं राहावं तसे त्याचे डोळे होते.

मग तो मागे झुकायला लागला. माझ्या दारासमोर जागा किती आहे तू बघितलीस. एक पायपुसणं, आणि लगेच जिना. तो म्हणाला, "ताई, मागे जातोय." अगदी हळू आवाजात, माझी काळजी वाटावी तसं.

ओढायचं नाही, हे मला तुझ्या मनगटाने शिकवलं होतं. त्याचा सदरा धरला, पण त्याचं वजन मला पेलणार नव्हतं. आतून काही करता येण्यासारखं नव्हतं. मला मागे जायला हवं होतं.

मी कशी गेले ते विचारू नकोस. भिंत आणि तो यांच्यामधून आडवी होऊन निघाले. अनवाणी होते हे तुझ्या पत्रावरून कळलं. त्याच्या मागे उभी राहिले, माझ्या टाचा पहिल्या पायरीच्या काठावर, पाठीमागे सगळा जिना. त्याच्या कमरेला दोन्ही हात लावले. कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं. "चला" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुटपुटले, जागच्या जागी, डावा, उजवा, डावा, उजवा. आम्ही दोघं नुसते डुललो. पुढे जायचं नाव नाही. कितीतरी वेळ. खालून तुझ्या पिशव्यांचा आवाज येत होता. आणि एकदम त्याचा डावा पाय उचलला गेला आणि तो आत गेला. मी काही वेगळं केलं नव्हतं. तोही म्हणतो, त्याने काही वेगळं केलं नाही.

तो आत आणि मी बाहेर. जिन्याकडे तोंड केलं आणि तिथेच पायरीवर बसले. तो भिंतीला धरून वळला आणि म्हणाला, "तू बाहेर आहेस, ताई." मी म्हटलं, "हो रे." एवढंच बोलणं झालं. तू आलीस तेव्हा आम्ही हसत होतो का रडत होतो, ते मलाही सांगता येणार नाही.

तू म्हणशील, मग आता भीती गेली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. तुम्ही निघालात तेव्हा म्हटलं, खालपर्यंत सोडायला जाऊ. दारात आले आणि पायरी सरकली. भावासाठी जमलं आणि भावाला निरोप द्यायला जमलं नाही. मी खिडकीकडे पळाले. तुझ्या टॅक्सीच्या टपाला हात केला.

तुझ्या व्यायामाच्या बाईंना विचार, हे कोणत्या जातीचं दुखणं आहे. माझ्यासारखी बाई त्यांनी बघितली आहे का. इथे कुणी तशा बाई असतील तर मी त्यांना घरी बोलवायला तयार आहे. त्यांनी मला कवायतीला लावलं तरी चालेल, मी पोट धरून बसणार नाही.

परवा मधल्या वळणापर्यंत गेले, उभ्याने. काल दारातूनच परतले. आज काय होईल ते माहीत नाही.

माझी सगळी पत्रं शेजारीण पेटीत टाकायची. हे मी तिला देणार नाही. पेटी रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, बूट घातले आहेत, पाकीट बंद करते आणि निघते. पत्र उशिरा मिळालं तर समज की वळणावर बसून होते. मिळालंच नाही, तर मी असं काही लिहिलं होतं हेच तुला कळणार नाही, तेव्हा वाईट वाटून घ्यायचा प्रश्न नाही.

ताई